दुसरी फळी : अमेरिकेंतील कॉलेज-फुटबॉल आणि त्याची खेळाडू-भरती

सैन्याचें खरें बळ आघाडीच्या शिपायांवरून मोजूं नये, मागें राखून ठेवलेल्या तुकडीवरून मोजावें, असें जुने सेनानी सांगत आले आहेत. खेळांत या वचनाचा प्रत्यय घ्यावयाचा असेल तर अमेरिकेंतील विद्यापीठांच्या फुटबॉलकडे पाहावें. पुढच्या अकरा वीरांचीं नांवें वृत्तपत्रांत मोठ्या अक्षरांत छापून येतात. परंतु त्या खेळाचे नियम ज्या कारणानें पुन्हां पुन्हां बदलले, तें कारण म्हणजे बाकावर बसून आपल्या पाळीची वाट पाहणारीं मुलें. तीं किती असावींत, कोठून आणावींत, त्यांना काय द्यावें, आणि त्यांचा उपयोग नाहीं असें दिसल्यावर त्यांचें काय करावें, या चार प्रश्नांवर तेथील विद्यापीठें शंभराहून अधिक वर्षें भांडत आलीं आहेत. भांडण वरवर खेळाचें दिसतें. त्याच्या मुळाशीं शिक्षण, पैसा आणि न्याय हे तिन्ही प्रश्न आहेत.

प्रथम खेळाविषयीं दोन शब्द. आपण ज्याला फुटबॉल म्हणतों तो हा नव्हे. यांतील चेंडू लांबट असतो. तो हातांत घेऊन पळावयाचें, किंवा फेंकून सहकाऱ्याच्या हातीं द्यावयाचा, आणि प्रतिपक्षानें अंगावर झेप घेऊन त्यास पाडावयाचें. एका वेळीं प्रत्येक पक्षाचे अकरा गडी मैदानावर असतात. पण आजच्या पद्धतींत चढाई करणारे अकरा वेगळे, बचाव करणारे अकरा वेगळे, आणि चेंडूला लाथ मारणारे आणखी निराळे. त्यांत धडक इतकी जबर, कीं हंगामाच्या अखेरीस आरंभींचे बावीसही गडी धडधाकट उरले असें सहसा घडत नाहीं. मिशिगन विद्यापीठाच्या मैदानावर हा खेळ पाहावयास एक लाखाहून अधिक प्रेक्षक बसतात. अशा खेळाला मोठा पट लागतो, आणि तो पट दरवर्षीं भरावा लागतो, कारण चार-पांच वर्षांनीं मुलगा विद्यापीठ सोडून जातोच.

हा पट भरण्याच्या उद्योगाला तेथें एखाद्या सणाचें रूप आलें आहे. सतरा-अठरा वर्षांचीं वीस-पंचवीस मुलें प्रत्येक मोठें विद्यापीठ निवडतें. ठराविक दिवशीं तीं आपलें नांव कागदावर लिहून देतात. आणि त्याच संध्याकाळीं कोणाची भरती उत्तम व कोणाची निकृष्ट याचे क्रमांक जाहीर होतात. ज्या मुलांनीं अद्याप विद्यापीठाच्या मैदानावर पाऊल ठेवलेलें नाहीं त्यांच्यावर हा निकाल दिला जातो. तो कितपत विश्वसनीय मानावा, हा आजच्या भाषणाचा एक प्रश्न आहे. त्याचें उत्तर शोधावयाचें तर थोडें मागें जावें लागतें.

रट्गर्स आणि प्रिन्स्टन या विद्यापीठांत ६ नोव्हेंबर १८६९ रोजीं जो सामना झाला तो या परंपरेतील पहिला समजला जातो. त्यांत प्रत्येक बाजूस पंचवीस खेळाडू होते. पुढें १८८० सालीं येल विद्यापीठाच्या वॉल्टर कॅंप यांच्या आग्रहानें ही संख्या अकरावर आली. त्या काळीं अकरा म्हणजे खरोखरच अकरा असत. तेच चढाई करीत, तेच बचाव करीत. आणि जो गडी बाहेर गेला त्याला परत येणें दुरापास्त असे. दुसऱ्या फळीचें महत्त्व कमी होतें. पण पहिले अकरा कोठून आणावे याची चढाओढ मात्र तेव्हांपासूनच होती. १८९६ सालीं वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठांत कायदा शिकणारा फील्डिंग योस्ट नांवाचा धिप्पाड तरुण एकाएकीं लाफायेट महाविद्यालयाच्या संघांत दिसला, पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठाची विजयमालिका त्या संघानें ६–४ अशी तोडली, आणि हा ‘विद्यार्थी’ लागलीच आपल्या मूळ विद्यापीठाकडे परतला. हेच योस्ट पुढें मिशिगनचे कीर्तिमान प्रशिक्षक झाले. येलच्या एका कर्णधाराला त्याच्या खेळाबद्दल राहण्याची उत्तम सोय, क्यूबाची सहल आणि सिगारेट-विक्रीची दलाली मिळत होती, असें १९०५ सालीं मासिकांतून प्रसिद्ध झालें. पगार देणें निषिद्ध होतें. दलाली देण्यास कोणाची ना नव्हती!

त्याच १९०५ सालीं या खेळांत सुमारें अठरा तरुण मृत्यू पावल्याची नोंद झाली. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनीं हार्वर्ड, येल व प्रिन्स्टन यांच्या प्रतिनिधींना आपल्या निवासस्थानीं बोलावून कानउघाडणी केली. त्या खळबळींतून विद्यापीठांची एक संघटना जन्मास आली. १९१० पासून ती राष्ट्रीय महाविद्यालयीन क्रीडासंघटना या अर्थाच्या नांवानें ओळखली जाते. चेंडू पुढें फेंकण्याची मुभा १९०६ सालीं मिळाली व खेळ कांहींसा मोकळा झाला. परंतु नव्या संघटनेच्या हातीं उपदेशापलीकडे फारसा अधिकार नव्हता, आणि भरतीचा बाजार चालूच राहिला.

त्या बाजाराचा पहिला सांगोपांग हिशेब कार्नेगी प्रतिष्ठानानें मांडला. हॉवर्ड सॅव्हेज यांच्या देखरेखीखालीं झालेल्या या पाहणीचा अहवाल ऑक्टोबर १९२९ मध्यें बाहेर पडला. शंभराहून अधिक महाविद्यालयांपैकीं सुमारें तीन चतुर्थांश संस्था खेळाडूंना या ना त्या रूपानें द्रव्यसाहाय्य करीत असल्याचें त्यांत दिसून आलें. कोणास नाममात्र नोकरी, कोणास माजी विद्यार्थ्यांच्या निधींतून मदत, कोणास शिष्यवृत्ति. अहवालानें दोष प्रशिक्षकांना दिलाच. पण त्याहून अधिक दोष हें सर्व पाहून डोळे मिटून घेणाऱ्या विद्यापीठप्रमुखांना दिला. एका प्रमुखानें मात्र डोळे उघडे ठेवले. शिकागो विद्यापीठाचे रॉबर्ट हचिन्स यांनीं १९३९ च्या अखेरीस आपल्या विद्यापीठाचा मोठा फुटबॉल-संघच बंद करविला. विशेष हें, कीं ज्या पारितोषिकाला आज हाइझमन पारितोषिक म्हणतात तें पहिल्यानें १९३५ सालीं शिकागोच्याच जे बर्वँगर या खेळाडूस मिळालें होतें. हचिन्स यांचा कित्ता कोणत्याही प्रबळ प्रतिस्पर्ध्यानें गिरविला नाहीं.

यानंतर दुसऱ्या फळीला खरा भाव आणला तो एका लहानशा नियमानें. १९४१ सालीं खेळाडू केव्हांही बदलण्याची मोकळीक मिळाली. लगेच युद्ध सुरू झालें, अनेक संघांत तरुणांचा तुटवडा पडला, आणि नेमकी त्याच वेळीं वेस्ट पॉइंट येथील लष्करी विद्यालयाकडे उत्तम खेळाडूंची रीघ लागली. तेथील प्रशिक्षक अर्ल ब्लेक यांच्यापाशीं १९४४ सालीं जवळजवळ तुल्यबळ असे दोन संघ होते. पहिला दमला कीं दुसरा उतरे, आणि प्रतिपक्षाला मात्र त्याच दमलेल्या गड्यांनिशीं झुंजावें लागे. त्या हंगामांत लष्करी संघानें नऊही सामने जिंकले. गुण केले ५०४ आणि दिले अवघे ३५. नोत्र दाम विद्यापीठाचा पराभव तर त्यांनीं ५९–० असा केला.

या बलाढ्य संघाशीं ऑक्टोबर १९४५ मध्यें मिशिगनची गांठ पडली. मिशिगनचे प्रशिक्षक फ्रिट्झ क्रिस्लर यांच्या हातीं बहुतेक कोवळीं पोरें होतीं. त्यांनीं एक युक्ति योजली. चढाईसाठीं एक तुकडी व बचावासाठीं दुसरी, अशी कामाची वांटणीच त्यांनीं केली. मिशिगनचा २८–७ असा पराभव झाला खरा. पण बराच वेळ त्या पोरांनीं टिकाव धरला, आणि पाहणारे प्रशिक्षक त्या पराभवांतून धडा घेऊन गेले. दुबळ्याची ही युक्ति लौकरच सबळांनीं उचलली. आतां संघाला अकरा नव्हे, बावीस पहिल्या प्रतीचे खेळाडू हवे झाले; त्यांच्यामागें आणखी बावीस. भरतीची भूक एकदम दुप्पट झाली.

भूक वाढली तसा खर्च वाढला. मदत केवळ गरज पाहून व शिक्षणशुल्कापुरतीच द्यावी, असा कडक नियम संघटनेनें १९४८ सालीं केला. लोकांनीं त्याला ‘शहाणपणाची संहिता’ असें नांव दिलें. दोन वर्षांनीं सात विद्यापीठांनीं तो मोडल्याचें उघड झालें. त्यांना काढून टाकण्याचा ठराव १९५० च्या जानेवारींत मतास टाकला, तेव्हां बहुमत मिळालें, पण आवश्यक तें दोन तृतीयांश मिळालें नाहीं. पुढच्याच वर्षीं संहिता रद्द झाली. गरजेचा विचार न करतां केवळ खेळाकरितां पूर्ण शिष्यवृत्ति देण्यास १९५६ सालीं उघड मान्यता मिळाली. जें लपूनछपून चाललें होतें तें आतां उजेडांत आलें, आणि हें एका अर्थीं बरेंच झालें. पण शिष्यवृत्त्या किती द्याव्या याला राष्ट्रीय मर्यादा मात्र कोणी घातली नाहीं.

दरम्यान १९५३ सालीं खर्चाच्या भीतीनें खेळाडू बदलण्याची मुभाही आंखडण्यांत आली. एकाच गड्यानें चढाई व बचाव दोन्ही करावीं, हा जुना शिरस्ता परत आला. त्या नियमांतूनही वाट काढली ती लुइझियाना राज्य विद्यापीठाच्या पॉल डीट्झल यांनीं. १९५८ सालीं त्यांनीं आपल्या पटाचे तीन भाग पाडले. पहिला उत्तम अकरांचा. दुसरा मुख्यतः चढाईचा. आणि तिसरा, ज्यांत फारसें कौशल्य नसलेले पण जिद्दीचे गडी होते, तो बचावाचा. या तिसऱ्या तुकडीला एका चित्रकथेवरून ‘चिनी लुटारू’ असें नांव पडलें. आज असें नांव कोणी ठेवणार नाहीं. परंतु त्या वर्षीं सर्वांत मोठा जयघोष होई तो याच तिसऱ्या फळीच्या आगमनाचा. आपण कमी प्रतीचे आहोंत हें त्या मुलांना ठाऊक होतें, आणि आपल्यावांचून अडतें हेंही ठाऊक होतें. संघ अकराही सामने जिंकून अजिंक्य ठरला. राखीव खेळाडूला केवळ राखून न ठेवतां त्याला त्याच्या मगदुराचें काम दिलें तर काय घडतें, याचा हा नमुना होय.

परंतु सर्वत्र असें नव्हतें. याच प्रदेशांतील आग्नेय परिषदेचा नियम असा, कीं एका विद्यापीठानें फुटबॉल व बास्केटबॉल मिळून १४० शिष्यवृत्त्यांपेक्षां अधिक देऊं नयेत. मात्र फुटबॉलसाठीं दरवर्षीं ४५ नवीं मुलें घ्यावयास हरकत नाहीं. साधा गुणाकार करून पाहावा. पंचेचाळीस चौक एकशें ऐंशी. जागा एकशें चाळीस, आणि त्यांतही दुसऱ्या खेळाचा वांटा. मग वरचीं चाळीस-पन्नास मुलें कोठें गेलीं? कांहीं आपण होऊन गेलीं, कांहीं नापास झालीं. आणि उरलेल्यांना सरावांत इतकें रगडावयाचें कीं त्यांनींच शिष्यवृत्ति सोडून निघून जावें, असा प्रकार सर्रास चाले. जॉर्जिया टेकचे प्रशिक्षक बॉबी डॉड यांना हें मान्य नव्हतें. मुलाची पारख करण्यांत चूक झाली असेल तर ती प्रशिक्षकाची. तिचा दंड मुलानें कां भरावा, असें त्यांचें म्हणणें होतें. पारख चुकलेल्या मुलासही त्यांनीं पदवीपर्यंत ठेवून घेतलें. त्यामुळें दरवर्षीं त्यांना कमी मुलें घेतां येत, आणि प्रतिस्पर्धी दुप्पट मुलांतून निवड करीत. नियम बदलावा हा त्यांचा प्रयत्न १९६४ च्या जानेवारींत फसला आणि जॉर्जिया टेकनें ती परिषदच सोडली. परिषदेबाहेर त्या संघाला पूर्वींचें वैभव पुन्हां लाभलें नाहीं. न्यायाची किंमत त्यांनीं भरली, आणि ती बरीच मोठी होती.

भरतीच्या या इतिहासांत आणखी एक काळा अध्याय आहे, आणि तो अक्षरशः वर्णाचा आहे. दक्षिणेकडील मोठीं विद्यापीठें कृष्णवर्णीय मुलांना संघांत घेत नसत. तीं मुलें एकतर कृष्णवर्णीयांच्या महाविद्यालयांत जात, जेथें ग्रॅंब्लिंगच्या एडी रॉबिन्सन यांनीं १९४१ पासून पुढें ४०८ विजय मिळविले, किंवा उत्तरेची वाट धरीत. मिशिगन राज्य विद्यापीठाच्या डफी डॉहर्टी यांनीं टेक्सास व कॅरोलायना येथून बब्बा स्मिथ, जॉर्ज वेब्स्टर, जिमी रे असे तरुण नेले आणि १९६५ व १९६६ या वर्षीं देशांतील एक सर्वोत्कृष्ट संघ उभा केला. दक्षिणेनें स्वतःच्या हातानें आपला पट अर्धा ठेवला होता. १२ सप्टेंबर १९७० रोजीं दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संघानें बर्मिंगहॅम येथें अलाबामाचा ४२–२१ असा पराभव केला. त्यांत सॅम कनिंगहॅम या कृष्णवर्णीय खेळाडूनें १३५ यार्डांची मजल मारली. त्या एका सामन्यानें दक्षिणेचे डोळे उघडले, अशी आख्यायिका आहे. वस्तुतः अलाबामाचे प्रशिक्षक पॉल ब्रायंट यांनीं विल्बर जॅक्सन या कृष्णवर्णीय मुलाला त्याआधींच शिष्यवृत्ति दिली होती. पहिल्या वर्षाच्या मुलांना मुख्य संघांत खेळण्याची बंदी असल्यामुळें तो त्या दिवशीं प्रेक्षकांत बसला होता. आख्यायिकेला नाट्य आवडतें. बदल मात्र कायद्याच्या, न्यायालयांच्या आणि चळवळीच्या रेट्यानें अगोदरच सुरू झाला होता.

खेळाडू बदलण्याची संपूर्ण मोकळीक १९६४-६५ मध्यें परत आली, आणि पट पुन्हां फुगूं लागले. प्रतिस्पर्ध्याच्या हातीं लागूं नये म्हणूनही मुलें घेऊन बसवून ठेवण्यांत येत. अखेर १९७३ सालीं राष्ट्रीय मर्यादा आली. एकूण १०५ शिष्यवृत्त्या, त्यांतील नव्या दरवर्षीं ३०. या मर्यादेच्या उंबरठ्यावरच पिट्सबर्ग विद्यापीठाचे नवे प्रशिक्षक जॉनी मेजर्स यांनीं एका वर्षांत सत्तरांहून अधिक मुलें गोळा केलीं. आदल्या हंगामांत एकच सामना जिंकलेला तो संघ १९७६ सालीं बारा सामने जिंकून अजिंक्य झाला. त्या तुकडींतील टोनी डॉर्सेट यास हाइझमन पारितोषिक मिळालें. भरतीच्या इतिहासांत ही तुकडी आदर्श म्हणून गणली जाते. तिच्यांतील बहुसंख्य मुलांचीं नांवें मात्र आज कोणास आठवत नाहींत.

मर्यादेबरोबरच त्याच वर्षीं दुसरा एक नियम झाला, ज्याची चर्चा कमी झाली. तोंवर चार वर्षांसाठीं देतां येणारी शिष्यवृत्ति यापुढें एकाच वर्षाची असावी व दरवर्षीं तिचें नूतनीकरण व्हावें, असें ठरलें. म्हणजे बाकावरील मुलाचें शिक्षण प्रशिक्षकाच्या मर्जीवर टांगलें गेलें. अनेक वर्षांची हमी देण्याची मुभा विद्यापीठांना परत मिळाली ती थेट २०१२ सालीं. दरम्यान एकूण शिष्यवृत्त्या १९७८ मध्यें ९५ वर आणि १९९४ पर्यंत ८५ वर आल्या. बड्या संघांना जे दहा-वीस खेळाडू बाकावर बसवितां येत नव्हते ते आतां लहान संघांकडे जाऊं लागले. १९९५ सालीं दीर्घकाळ पराभवाचीच संवय असलेल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठानें आपल्या परिषदेचें विजेतेपद मिळविलें. हें सारें एका नियमानेंच झालें असें नाहीं. पण बलवानांचा साठा घटल्यावांचून तें घडणें कठीण होतें.

आतां मघांच्या प्रश्नाकडे वळूं. भरतीची तुकडी जोखावी कशी? तेथें प्रत्येक मुलाला दोनपासून पांचपर्यंत तारे देण्याची रीत आहे. हे तारे अगदींच खोटे नसतात. पांच ताऱ्यांचा मुलगा पुढें व्यावसायिक खेळाडू होण्याचा संभव दोन ताऱ्यांच्या मुलापेक्षां खचित अधिक असतो, आणि अजिंक्यपद मिळविणाऱ्या बहुतेक संघांच्या पटावर चार व पांच ताऱ्यांचे खेळाडू निम्म्याहून अधिक आढळतात. पण सरासरीनें जें खरें तें एका मुलाच्या बाबतींत खरें असेलच असें नाहीं. जे. जे. वॉट यास दोनच तारे होते. एक विद्यापीठ सोडून तो विस्कॉन्सिनला शिष्यवृत्तीवांचून दाखल झाला आणि पुढें नामांकित बचावपटू ठरला. जॉश ॲलनला शाळेंतून बाहेर पडतांना एकाही मोठ्या विद्यापीठाचें बोलावणें नव्हतें. टॉम ब्रेडी मिशिगनला गेला तेव्हां त्याच्या जागेसाठीं त्याच्यापुढें सहा जण होते.

म्हणून जाणते लोक ताऱ्यांच्या बेरजेवर थांबत नाहींत. ते जागांचा हिशेब पाहतात. धडकेच्या रांगेंत पांच गडी एका वेळीं उभे राहतात, आणि अठरा वर्षांच्या मुलाचें शरीर त्या कामाला तयार होण्यास दोन-तीन वर्षें लागतात. तेव्हां त्या जागेसाठीं प्रत्येक वर्षाचे तीन-चार जण पटावर हवेत. एखाद्या वर्षीं ती भरती चुकली तर तिची झळ त्या वर्षीं लागत नाहीं. तिसऱ्या वर्षीं लागते. उलट क्वार्टरबॅक, म्हणजे चढाईचा सूत्रधार, एकच खेळतो. त्याच्या मागचा दुसरा, तिसरा कित्येक महिने एकही चेंडू फेंकत नाहीं. पण त्याला सारें पाठ असावें लागतें. या दोन जागांवरून पटाची खरी परीक्षा होते.

ओहायो राज्य विद्यापीठाची परीक्षा २०१४ सालीं झाली. हंगाम सुरू होण्यापूर्वींच ऑगस्टमध्यें त्यांचा नामवंत क्वार्टरबॅक ब्रॅक्स्टन मिलर याचा खांदा दुखावला. दुसरा, जे. टी. बॅरेट, उभा राहिला. दुसऱ्याच सामन्यांत पराभव झाला, पण पुढें त्यानें संघ सांवरला. नोव्हेंबरच्या अखेरीस मिशिगनविरुद्ध त्याच्या घोट्याचें हाड मोडलें. आतां तिसरा, कार्डेल जोन्स. त्याच्या पहिल्याच संपूर्ण सामन्यांत विस्कॉन्सिनचा ५९–० असा पराभव झाला. नंतर अलाबामा ४२–३५. आणि १२ जानेवारी २०१५ रोजीं ऑरेगन ४२–२०. तिसऱ्या क्रमांकाच्या मुलानें राष्ट्रीय अजिंक्यपद आणलें. त्या यशाचें बीज ज्या भरतींत पेरलें गेलें ती त्या वेळीं कोणी याच्या नांवानें ओळखली नव्हती.

दुसरें उदाहरण अधिक विचार करावयास लावणारें आहे. ८ जानेवारी २०१८ रोजीं अजिंक्यपदाच्या सामन्यांत जॉर्जियाविरुद्ध अलाबामा ०–१३ असें मागें होतें. मध्यंतरानंतर प्रशिक्षक निक सेबन यांनीं आपला नेहमींचा क्वार्टरबॅक जेलन हर्ट्स याला बसवून तुआ टागोवाइलोआ या नवख्याला उतरविलें. अलाबामानें २६–२३ असा विजय मिळविला. पुढच्या हंगामांत हर्ट्स बाकावर गेला. तो संघ सोडून गेला नाहीं. १ डिसेंबर रोजीं त्याच जॉर्जियाविरुद्ध तुआ जखमी झाला, हर्ट्स उतरला आणि सामना ३५–२८ असा जिंकून दिला. त्यानंतर पदवी घेऊन तो ओक्लाहोमा विद्यापीठांत गेला. असा संयम विरळा. आणि त्याच ऑक्टोबरांत, म्हणजे २०१८ सालीं, विद्यापीठ बदलूं इच्छिणाऱ्या खेळाडूंची खुली नोंदवही सुरू झाली होती. २०२१ पासून एकदां विद्यापीठ बदलणाऱ्याला एक वर्ष खेळाविना काढण्याची अट उरली नाहीं. त्याच वर्षाच्या जुलैपासून आपल्या नांवावर व प्रसिद्धीवर पैसे मिळविण्याचीही मुभा मिळाली.

याचा परिणाम उघड आहे. बाकावरील मुलगा आतां वाट पाहत नाहीं; तो जातो. आणि प्रशिक्षकही शाळकरी मुलगा तयार होण्याची वाट न पाहतां दुसऱ्या विद्यापीठांत तयार झालेला गडी आणतो. पराभवांच्या नोंदींसाठींच प्रसिद्ध असलेल्या इंडियाना विद्यापीठानें सोळाही सामने जिंकून जानेवारी २०२६ मध्यें राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविलें. त्याच्या पटावर पांच ताऱ्यांची रेलचेल नव्हती. इतर विद्यापीठांतून आलेले, वयानें व अनुभवानें मुरलेले गडी होते. त्यांचा क्वार्टरबॅक फर्नांडो मेंडोझा हाही कॅलिफोर्नियाहून आलेला होता. भरतीच्या दिवशींच्या क्रमांकांना इतकें सणसणीत उत्तर क्वचितच मिळालें असेल.

शेवटचें वळण न्यायालयांतून आलें. ६ जून २०२५ रोजीं न्यायाधीश क्लॉडिया विल्केन यांनीं एका मोठ्या दाव्यांतील तडजोडीस मंजुरी दिली. तिच्यामुळें विद्यापीठांना खेळाडूंना प्रत्यक्ष पैसे देतां येऊं लागले. पहिल्या वर्षीं सर्व खेळ मिळून सुमारें दोन कोटी पांच लाख डॉलरपर्यंत. शिष्यवृत्त्यांची ८५ ची मर्यादा गेली. तिच्या जागीं संपूर्ण पटावरच १०५ जणांची मर्यादा आली. आंकडा १९७३ चाच. अर्थ मात्र उलटा. तेव्हां १०५ शिष्यवृत्त्यांबाहेर स्वखर्चानें येणाऱ्या मुलांना पटाचें दार उघडें होतें. आतां तेंच बंद होऊं लागलें. केवळ हौसेनें, घरचा खर्च करून, सरावाच्या वेळीं पहिल्या फळीचा मार खाणारीं हीं मुलें. त्यांतील कित्येकांना निकालापूर्वींच काढून टाकण्यांत आलें होतें. न्यायाधीशांनीं या एका मुद्द्यावर तडजोड अडवून धरली, आणि अशा मुलांना मर्यादेबाहेर ठेवून परत घेण्याची सवलत लिहून घेतल्यावरच संमति दिली. शंभर वर्षांत बाकावरील मुलाच्या बाजूनें इतक्या स्पष्टपणें कोणी बोललें असेल तर तें क्वचितच.

या साऱ्या इतिहासाचें सार काय? भरतीची तुकडी चांगली कीं वाईट, हें नांवें लिहून घेण्याच्या दिवशीं ठरत नाहीं. तें तिसऱ्या-चौथ्या वर्षीं ठरतें, आणि पहिल्या फळीवरून ठरत नाहीं, दुसरीवरून ठरतें. हा झाला मैदानावरचा हिशेब. दुसरा हिशेब विद्यापीठाचा. ज्या पंचवीस मुलांना आपण बोलावून आणलें, त्यांतील पांच वीर झाले. उरलेल्या विसांचें काय झालें? त्यांना पदवी मिळाली काय? दुखापत झाली तेव्हां त्यांची शुश्रूषा झाली काय? डॉड यांनीं हा प्रश्न विचारला व सामने गमावले. डीट्झल यांनीं तिसऱ्या फळीला काम दिलें व सामने जिंकले. दोघांनींही आपापल्या परीनें एकच गोष्ट मानली होती, कीं बाकावर बसलेला मुलगा हा साठ्यांतील माल नव्हे. नियम पुष्कळ झाले आणि पुढेंही होतील. पंच्याऐंशी असो वा एकशें पांच, संख्या ठरविणें सोपें आहे. त्या संख्येंतील शेवटच्या क्रमांकाच्या मुलाला विद्यापीठ काय देणें लागतें, हें ठरविणें कठीण. आणि विद्यापीठ या नांवाला एखादी संस्था पात्र आहे किंवा नाहीं, याची पारख तेथेंच होते.